सांगणाऱ्याचं नाव

भांडेकर भाऊंना "आज वार कोणता?" असं विचारलं, तरी ते आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, मग घड्याळाकडे बघत आणि मग सांगत. वार त्यांना ठाऊक नसे असं नाही. पण विचारणारा माणूस उत्तर घेऊन कुठेतरी जाणार, त्यावर काहीतरी करणार, तेव्हा आपल्या तोंडून निघतानाच ते तपासलेलं असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मला या सवयीचा असा वैताग यायचा की सांगता सोय नाही. डब्याच्या वेळी मी मुद्दाम विचारायची, "भाऊ, आज भाजी काय हाये?"

"डबा उघडला नाई अजून, बाई."

"सकाळी वहिनीनं काय केलं ते तं दिसलं असन?"

"वांगे चिरून राह्यली होती. पण डब्यात काय भरलं ते मी पाह्यलं नाई."

डबा उघडला की वांगंच निघायचं आणि मी कपाळाला हात लावायची.

गडचिरोलीच्या बसस्थानकावर ते चौकशीच्या खिडकीत आणि मी शेजारी, विद्यार्थ्यांच्या पासाच्या खिडकीत. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, तेही उभं राहिलं तर छातीपर्यंत येईल एवढंच. त्यामुळे सात वर्षं मी त्या माणसाचं प्रत्येक उत्तर ऐकलं. ते कंट्रोलर. त्याआधी बरीच वर्षं एटापल्लीच्या गाडीवर कंडक्टर होते. अंगानं लहानखुरे, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, चष्म्याला काळी दोरी. आवाज इतका खालचा की खेड्यातून आलेली म्हातारी माणसं कान थेट खिडकीच्या भोकाला लावत. मी देसाईगंजची, तोंडाची फटकळ, समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी होणारी. आमचं जमलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्याकडे उत्तरं तीनच प्रकारची असत. "मी पाह्यलं." "मले अमक्यानं सांगतलं." आणि "माहीत नाई." तिसरं उत्तर देताना त्यांना जराही लाज वाटत नसे, उलट माणूस निराश होऊन वळायच्या आत ते टेलिफोन उचलत आणि "थांबा न जी, विचारून पाहू" म्हणत. मग डेपोला फोन, पुढच्या स्टँडला फोन, एखाद्या ड्रायव्हरच्या घरी फोन. पाच मिनिटांनी उत्तर मिळे, कधी मिळतही नसे.

खिडकीशेजारी एक काळा फळा होता. त्यावर त्यांनी तीन रकाने आखले होते. पहिल्यात रस्ता, दुसऱ्यात स्थिती आणि तिसऱ्यात 'सांगणारा'. एटापल्ली, सुरू, सांगणारा चालक आत्राम, सकाळी साडेसात. असं. नाव आणि वेळ नसलेली ओळ त्या फळ्यावर मी कधी पाहिली नाही.

आमच्याकडे या फळ्याला किती किंमत, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या नदीनाल्यांवर बरेच ठेंगणे पूल आहेत, त्यांना रपटे म्हणतात. उन्हाळ्यात त्यांच्यावर बकऱ्या बसतात आणि पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी जातं. वर जंगलात कुठे पडलं आणि ते खाली केव्हा येईल याचा पत्ता लागत नाही. इथे ऊन पडलेलं असतं आणि रपटा बुडालेला असतो. म्हणून जून ते सप्टेंबर आमच्या खिडकीशी लोक गाडी किती वाजता, हे विचारायला येत नसत. जाता येईल का, हे विचारायला येत.

आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरचं सांगणंसुद्धा भाऊ तसंच्या तसं घेत नसत. गाडी लागली की ते पावसात बाहेर जात आणि पुढच्या चाकापाशी उकिडवे बसत. एकदा एक नवा ड्रायव्हर म्हणाला, "काही नाई भाऊ, घोट्याएवढं पानी होतं." भाऊंनी चाकाच्या नटांत अडकलेली गवताची लांब काडी ओढून काढली आणि त्याच्या हातात दिली. "घोट्याएवढ्या पान्यात हे इतक्या वर कसं आलं जी?" ड्रायव्हर गोरामोरा झाला. भाऊंनी फळ्यावर लिहिलं, 'पाणी नटापर्यंत. जपून.' आणि सांगणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं.

एकदा वरचे एक साहेब तपासणीला आले आणि साध्या प्रवाशासारखे खिडकीशी उभे राहिले. विचारलं, "एटापल्लीची गाडी किती उशिरा येईल?"

"माहीत नाई, साहेब. आलापल्ली सोडली की फोन येते, मंग सांगतो."

साहेब भडकले. चौकशीच्या खिडकीत बसून माहीत नाही म्हणता, प्रवाशाला काहीतरी सांगायला हवं, निदान अंदाज तरी द्या, असं बरंच बोलले. भाऊ उभे राहून ऐकत होते. मग आपल्या त्या खालच्या आवाजात म्हणाले, "अंदाज तं प्रवाशापाशी असतेच, साहेब. तो घेऊनच इथी येते तो." मी पार्टिशनमागे तोंडाला पदर लावला. साहेब चहा न घेताच गेले, आणि भाऊ दिवसभर मला विचारत राहिले की आपण उर्मट बोललो काय.

मग लोक खिडकीशी हातात फोन धरून यायला लागले.

आधीही फोन होतेच. पण पूर्वी काही शोधलं की दहा ठिकाणांची यादी यायची आणि माणूस कंटाळून आमच्याकडेच यायचा. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या यादीच्या वर एक तयार उत्तर यायला लागलं. एकदम शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट, कुठे अडखळणं नाही की डोकं खाजवणं नाही. लोक म्हणायचे, एआय सांगते. आमच्या भाऊंच्या पुटपुटण्यापुढे ते उत्तर म्हणजे जिल्हाधिकाऱ्याचं भाषणच.

एका दुपारी एटापल्लीकडे नेमणूक झालेले एक नवे शिक्षक आले. त्यांच्या फोननं सांगितलं होतं की सव्वादोनला थेट एटापल्लीची गाडी आहे. अशी गाडी नव्हती, कधीच नव्हती. भाऊंनी फोन हातात घेऊन ते दोनदा वाचलं.

"हे कोन सांगून राह्यलं?"

"एआय, काका."

"त्याले कोन सांगतलं?"

शिक्षक हसले. त्यांचं काही चुकलं नाही, मीही हसले असते. भाऊंनी डेपोला फोन केला, आलापल्लीला केला, एटापल्लीला केला. अशी गाडी नाही. तरी शिक्षक म्हणाले, "पण इथे तर स्पष्ट लिहिलंय," आणि बाकावर बसून राहिले. त्यांना बघून आणखी एक जोडपं बसलं. सव्वादोन झाले तेव्हा मी पाहते तर भाऊ खिडकी सोडून फलाटावर उभे, रस्त्याकडे नजर लावून.

"भाऊ, गाडी नाई म्हणून तुमालेच माहीत हाये न! मंग कोनाची वाट पाहून राह्यले?"

"हो," ते म्हणाले. "पण ते एवढं खात्रीनं सांगून राह्यलं, बाई. माहंच चुकत असन तं?"

तोवर मला त्या सगळ्याची गंमतच वाटत होती. त्या क्षणी भाऊंचा चेहरा पाहिला आणि ती गंमत संपली. ज्या माणसानं डब्यातल्या वांग्याचीसुद्धा खात्री दिली नाही, तो स्वतःच्या तोंडपाठ वेळापत्रकावर शंका घेत फलाटावर उभा होता. तीन वाजेपर्यंत गाडी आली नाही. भाऊंनी त्या तिघांना आलापल्लीच्या गाडीत बसवून दिलं आणि पुढची गाडी कुठे मिळेल ते कागदावर लिहून दिलं.

फोन नेहमीच चुकायचा असंही नाही. एकदा चंद्रपूरहून जाणाऱ्या एका रेल्वेची वेळ बदलली होती, ती आमच्याआधी फोनला कळली. भाऊंना त्याचा आनंदच झाला. त्यांनी फळ्यावर ती वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं, 'सांगणारा: फोन. तपासलं नाही.' दुसऱ्या दिवशी चंद्रपूरहून आलेल्या कंडक्टरला विचारून खात्री केली आणि शेवटचे दोन शब्द ओल्या फडक्यानं पुसले.

आता माझं सांगते. सांगावं लागतंच, त्याशिवाय भाऊंचं पुढचं काही कळणार नाही.

भाऊंचा फळा बघायला माणसाला स्टँडवर यावं लागायचं. मला वाटलं, हा घरबसल्या दिसायला हवा. माझ्या पुतणीनं मला इंटरनेटवर एक फुकटचं पान उघडून दिलं. मी त्याला नाव दिलं, 'भांडेकर भाऊंची चौकशी'. जेवणाच्या सुट्टीत मी फळ्यावरच्या ओळी त्यावर टाकायची. सुरुवातीला तिन्ही रकाने टाकले. पण फोनच्या चिंचोळ्या पडद्यावर तिसरा रकाना तुटून खाली यायचा, फार बेंगरूळ दिसायचं. मी तो काढून टाकला. सांगणारा गेला, वेळ गेली, आणि पान कसं चकाचक झालं.

भाऊंना ते दिसलंच. "बाई, सांगणारा कुठी गेला?"

"वरती तुमचं एवढं मोठ्ठं नाव हाये न, भाऊ. लोकाले तेवढं पुरते."

"पण मी कुठी सांगून राह्यलो? आत्राम सांगून राह्यला. मी तं नुसता लिवून राह्यलो."

"तुमी फारच कीस काढता, भाऊ!"

 ते "बरं" म्हणाले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

त्या पावसाळ्यात पान खूप चाललं. मुलचेऱ्यापासून लोक फोन करून माझं कौतुक करायचे आणि मी फुशारून जायची. गणपती उठले, पाऊस ओसरला. मी शेवटची ओळ टाकली, 'मुलचेरा रस्ता. पाणी उतरलं. रपटा मोकळा. सर्व गाड्या सुरू.' मग पासांची गर्दी सुरू झाली, पुतणीचं लग्न निघालं आणि त्या पानाकडे मी पुन्हा ढुंकून पाहिलं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पुढचा पावसाळा लागला, तरी ती ओळ तशीच होती. तारीख नाही, वेळ नाही. वर फक्त भाऊंचं नाव.

त्या पुढच्या ऑगस्टमध्ये तीन दिवस वर जंगलात पाऊस धरून होता. सकाळी भाऊंनी फळ्यावर लिहिलं होतं, 'मुलचेरा रस्ता. रपट्यावर पाणी, बंद. सांगणारा: चालक आत्राम, सकाळी सात.' अकराच्या सुमारास रैनू नावाचा एक माणूस खिडकीशी आला. गाव मुलचेऱ्याच्या पलीकडे जंगलात, गडचिरोलीत बांधकामावर कामाला. त्याच्या भावाची बायको चिन्नी, हिला पहाटेपासून कळा येत होत्या. दिवस पुरे भरले नव्हते, म्हणून मोठ्या दवाखान्यात न्या असं तिकडे सांगितलं होतं. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या गावी गेलेली, तेव्हा घरच्यांनी जीप केली आणि निघाले. ते किती वाजता पोचतील, हे विचारायला रैनू आला होता.

"कोन्या रस्त्यानं येऊन राह्यले?" भाऊंनी विचारलं.

"रपट्याच्या. मोठ्या पुलाकडून आलं तं दोन तास जास्त लागते न जी."

"रपटा बंद हाये, बापू."

"नाई जी, मोकळा हाये. तुमीच तं सांगतलं." त्यानं फोन पुढे केला. फाट्यावर, जिथून दोन रस्ते फुटतात, तिथे त्याच्या भावानं फोनला विचारलं होतं, आणि आलेल्या उत्तराचा फोटो रैनूला पाठवला होता.

मी उठून पार्टिशनवरून वाकून वाचलं. 'होय, रपटा सध्या वाहतुकीसाठी मोकळा आहे. गडचिरोली बसस्थानकाच्या चौकशी कक्षातील श्री. भांडेकर यांच्या माहितीनुसार पाणी उतरले असून सर्व गाड्या सुरू आहेत.' माझंच वाक्य होतं, कडक इस्त्री केलेलं. खाली अगदी बारीक अक्षरात, उत्तर चुकू शकतं, तपासून घ्या, असंही होतं. मागच्या सीटवर बाई कळा देत असताना ते कोण वाचणार!  भाऊंनी फोन परत दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हाही नाही आणि त्या सबंध दिवसात नाही.

रैनूच्या भावाचा फोन लागेना. भाऊंनी फाट्यावरच्या चहावाल्याला गाठलं. तो म्हणाला, जीप गेली, अर्धा तास झाला. रपट्याजवळच्या गावातल्या शाळेत फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पोलीस मदत केंद्रात सांगितलं, ओळखीच्या एका कंडक्टरच्या सासुरवाडीत सांगितलं, कोणीतरी धावत जा म्हणून विनवलं. मग खडू घेऊन त्यांनी मुलचेऱ्याच्या ओळीखाली लिहिलं, 'एक जीप गेली आहे. पत्ता नाही. सांगणारा: चहावाला, अकरा दहा.' अक्षर नेहमीचं नव्हतं.

रैनू सारखा विचारायचा, "पोचले असन न जी?"

"माहीत नाई, बापू."

मला असा संताप आला! त्या माणसाला दिलाशाचा एक शब्द द्यायला काय जातं? माझ्या ओठांवर "हो, पोचले असन" आलंच होतं. पण ज्या बाईच्या शब्दानं ती जीप त्या रस्त्याला लागली, तिनं आता कोणत्या तोंडानं बोलावं?  भाऊ ड्यूटीवर असताना कधी खिडकी सोडून प्रवाशांत बसत नसत. त्या दिवशी ते बाहेर आले, बाकावर रैनूच्या शेजारी बसले, त्याचं मनगट धरलं आणि त्यानं जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा "माहीत नाई" म्हणाले. मधूनमधून कोणी इतर गाड्यांचं विचारायला आलं, तर बसल्या जागेवरून त्यांनाही बरोबर उत्तर देत होते.

अडीचला फोन आला. रपट्याच्या मधोमध जीप बंद पडली होती. पाणी सीटपर्यंत आलं तेव्हा जवळच्या गावातली माणसं दोर घेऊन पोचली आणि एकेकाला ओढून काढलं. सगळे वाचले. चिन्नी तिथेच काठावर बाळंत झाली. बायकांनी चारी बाजूंनी ताडपत्री धरली होती. मुलगी झाली होती, इवलीशी. मोठ्या पुलाकडून फिरून ते संध्याकाळी दवाखान्यात आले आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं.

भाऊ रोज ड्यूटीच्या आधी तिकडे जाऊन येत. आल्यावर मी विचारायच्या आतच सांगत, "आठ वाजता चांगली होती. दूध ओढत नाई. नर्स बाईनं सांगतलं." दुसऱ्या दिवशी, "रंग सुधारला. मी पाह्यलं." मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सहाव्या दिवशी ते आले, फळा पुसला आणि खुर्चीत बसले. "पहाटे गेली. नर्स बाईनं सांगतलं," एवढंच म्हणाले. 

पान मी त्या पहिल्याच दुपारी पुसून टाकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी फोनला विचारून पाहिलं, तर उत्तर तेच. माझी ओळ तोवर कुठल्या कुठल्या बातम्यांच्या पानांनी उचललेली होती, भाऊंच्या नावासकट. अपघाताची बातमी आली, तिच्यातही रपटा आणि भांडेकर हे दोन शब्द शेजारी शेजारीच होते. ते सगळं पुसायला मी कुठे जाणार होते आणि कोणाला सांगणार होते?

पंधरा दिवसांनी चिन्नीची सासू खिडकीशी आली. कपाळावर गोंदण, हातात काठी. मोडक्या मराठीत बोलत होती, आणि त्यांच्यात सगळ्यांना 'तू'च म्हणतात.

"तूच भांडेकर?"

"हो, बाई."

"पोरानं तुझं नाव वाचलं फाट्यावर. डायवर नाई म्हणत होता, पुलाकडून जाऊ म्हणे. मीच म्हणलं, भांडेकर सांगते तं चाल. माहा मालक जित्ता होता तवा तुले विचारूनच गाडीत बसत होता. भांडेकर खोटं नाई बोलत, म्हणे."  मग विचारलं, "ते फोनात कोनी टाकलं?"

माझ्या हातात पासाचा शिक्का होता. मी उठायला हवं होतं. छातीपर्यंतच्या त्या पार्टिशनवरून नुसतं तोंड वर केलं असतं तरी पुरे होतं.

"मी टाकलं, बाई," भाऊ म्हणाले.

ती गोंडीत काहीतरी म्हणाली आणि काठी टेकत गेली. सात वर्षांत माझ्या कानांनी ऐकलेलं, जाणूनबुजून दिलेलं ते त्यांचं एकमेव खोटं उत्तर. ते माझ्यासाठी दिलेलं होतं, आणि मी खाली बघून पुढच्या पासावर शिक्का मारला. या गोष्टीची मला लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, तरी मी उठले नाही.

फेब्रुवारीत ते निवृत्त झाले. त्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. त्यांच्या जागी आलेला कंट्रोलर तरतरीत आहे, फोनमध्ये बघून भराभर उत्तरं देतो. फळ्यावर आता सणाच्या शुभेच्छा लिहिलेल्या असतात.

या ऑगस्टमध्ये मला मुलचेऱ्याला नणंदेकडे जायचं होतं. दोन दिवस उघडीप होती, गाडी रपट्याच्या रस्त्यानं निघाली. रपटा दोनशे पावलांवर असताना ड्रायव्हरनं गाडी थांबवली. पुढे रस्त्याच्या मधोमध छत्री घेतलेला एक लहानखुरा माणूस उभा होता आणि हात आडवा करत होता. शर्टाची वरची गुंडी लावलेली.

"भांडेकर भाऊ," ड्रायव्हर म्हणाला. "भाऊचं गाव इथून जवळच हाये. पानी वाढलं की सायकलनं येते अन् दिवसभर इथीच बसते. कोनी सांगतलं नाई, कोनी नेमलं नाई."

मी खाली उतरले. रपटा दिसतच नव्हता. लालसर पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सपाट, गुपचूप चाललं होतं. वर ऊन होतं. भाऊ वाळले होते. त्यांनी मला ओळखलं आणि "मागं उभ्या राहा, बाई, वाढून राह्यलं" म्हणाले. एवढ्या महिन्यांनी पहिलं बोलणं ते.

मी विचारलंच. "भाऊ, त्या दिवशी तिले 'मी' काऊन म्हणलं तुमी?"

"ती कोनाच्या नावावर निघाली होती? तुमच्या?" ते पाण्याकडे बघत बोलत होते. "अन् सांगणारा काढला तेव्हा मी 'बरं' म्हणलं. नाई म्हणायले पायजे होतं. माहीत असून 'बरं' म्हणलं."

"चुकलं माहं, भाऊ," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

"हो," ते म्हणाले. "चुकलं."

तेवढ्यात मागून एक मोटरसायकल आली, आमच्या गाडीला वळसा घालून पुढे. मागे औषधांची मोठी बॅग बांधलेला, इकडे नवीन असलेला माणूस. भाऊ आडवे झाले तसा त्यानं ब्रेक मारला, पण गाडी बंद केली नाही.

"काका, बाजूला व्हा. फार पाणी नाहीये. मी आत्ताच फोनवर बघून आलोय." त्यानं खिशातून फोन काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. "हे बघा. रपटा मोकळा आहे. बसस्थानकाच्या भांडेकरांनी सांगितलंय."

"भांडेकर मीच हाओ."

त्या माणसानं फोनकडे पाहिलं, मग भाऊंच्या पायातल्या चिखलानं भरलेल्या रबरी चपलांकडे पाहिलं आणि हसला. वेड्या म्हाताऱ्याची समजूत काढावी तसं हसला आणि मूठ पिळली.

भाऊंची छत्री पडली. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. "फोन नोका पाहू. मलेही नोका पाहू. पानी पाहा," ते म्हणत होते, आणि तो आवाज इंजिनाच्या आवाजात बुडत होता. त्यांचे पाय चिखलात मागे मागे घसरत होते. आमचा ड्रायव्हर गाडी मागे घेत होता, हॉर्न वाजवून मला बोलवत होता.

मी धावले. मागून कॅरिअर धरलं आणि ओरडले, "ते मी लिवलं होतं! मागच्याच्या मागच्या वर्षीचं हाये ते, मी लिवलं होतं!" तो माणूस मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. भाऊंनी पुढून हँडल सोडलं नव्हतं, मी मागून कॅरिअर सोडलं नाही. मोटरसायकल आमच्या दोघांमध्ये गुरगुरत राहिली, पण पुढे गेली नाही.